कडे दिसले, पण ते कशाचे?

पत्र

आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार.

माझे यजमान ३६ वर्षांचे असून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतात. तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळी करून आल्यावर ते चहा घेत बसले होते. कपबशी वाजू लागली म्हणून मी वळून पाहिले, तर त्यांच्या उजव्या हाताची बोटे थरथरत होती. बघता बघता सगळा हात झटके देऊ लागला आणि ते बेशुद्ध पडले. रुग्णालयात इंजेक्शन देऊन डोक्याचा सीटी स्कॅन केला. मेंदूच्या डाव्या बाजूला १२ मिलिमीटरचे ‘रिंग एन्हान्सिंग लिजन’ असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले असून खाली तीन नावे आहेत: न्यूरोसिस्टिसर्कोसिस, ट्युबरक्युलोमा आणि ‘निओप्लाझम, लेस लाइकली’. फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यानंतर फिट आलेली नाही. आता डॉक्टर पुन्हा इंजेक्शन देऊन एमआरआय करायला सांगत आहेत. दीर म्हणतात, हा ब्रेन ट्युमरच आहे, वेळ न घालवता मुंबईला न्या. शेजारी म्हणतात, सारखे स्कॅन केल्याने रोग पसरतो. सासूबाई म्हणतात, आपले घर माळकरी, तीन पिढ्यांत कोणी मांस खाल्ले नाही, मग डोक्यात किडा कसा होईल? मशीनमध्ये जाताना गळ्यातली माळ काढावी लागते का, हेही त्यांनी विचारायला सांगितले आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलीचे डोके अधूनमधून दुखते. तिचाही स्कॅन करून घ्यावा का?

एक भगिनी, सोलापूर

उत्तर

ताई, सादर नमस्कार.

आपल्या पत्रातील एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. कपबशी वाजली, आपण वळून पाहिले आणि झटक्याची सुरुवात उजव्या हाताच्या बोटांपासून झालेली आपल्याला दिसली. उजव्या हाताच्या हालचाली मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून चालतात, आणि सीटीत दिसलेले कडे, म्हणजे रिपोर्टमधली ‘रिंग’, हीसुद्धा डाव्या बाजूलाच आहे. म्हणजे आपण डोळ्यांनी पाहिले ते आणि यंत्राने टिपले ते एकमेकांशी जुळते. ही माहिती रुग्णालयातील घाईत कोणी विचारून घेतली की नाही, हे पत्रावरून कळत नाही. पण पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना याच शब्दांत अवश्य सांगावी आणि एमआरआयच्या मागणीपत्रावर लिहून घ्यावी. रेडिओलॉजिस्ट म्हणून मी इतकी वर्षे फिल्म वाचत आले आहे, आणि मागणीपत्रावर नुसते ‘फिट’ एवढेच लिहिलेले असले तर आमचे निम्मे काम अंधारात होते, हे मनापासून सांगते.

आता मूळ प्रश्न. हा ब्रेन ट्युमर आहे का? आपण पाठवलेल्या मजकुरावरून पाहता तशी शक्यता कमी आहे, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनीही तेच म्हटले आहे. मात्र ‘रिंग एन्हान्सिंग लिजन’ हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. ते केवळ दिसलेल्या आकाराचे वर्णन आहे. निरोगी मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत फार चोखंदळ असते; रक्तातील पुष्कळसे पदार्थ ती मेंदूच्या आत शिरू देत नाही. जिथे सूज, जंतूंचा संसर्ग किंवा गाठ यांमुळे ही भिंत सैल होते, तिथे शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्टचे औषध पाझरते आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. गाठीचा मधला भाग मृत किंवा द्रवरूप असला तर औषध फक्त कडेला साठते आणि भिजवलेल्या हरभऱ्याएवढे पांढरे कडे दिसू लागते. असे कडे मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळीमुळे दिसते, क्षयाच्या गाठीमुळे दिसते, पू झालेल्या गळवामुळे दिसते, मेंदूतच उगवलेल्या कर्करोगामुळे दिसते आणि फुप्फुसातून किंवा स्तनातून पसरून आलेल्या कर्करोगामुळेही दिसते. आकार एक आणि कारणे अनेक, म्हणूनच रिपोर्टमध्ये एका नावाऐवजी तीन नावे आली आहेत: न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे पट्टकृमीच्या अळीचा मेंदूतील आजार, ट्युबरक्युलोमा म्हणजे क्षयाची गाठ आणि निओप्लाझम म्हणजे ट्युमर. तीन नावे पाहून डॉक्टरांना काही कळलेले नाही असा ग्रह कृपया करून घेऊ नये. उलट एकाच चित्रावरून एकच नाव ठामपणे लिहून टाकणारा रिपोर्ट पाहिला की मला अधिक काळजी वाटते.

या तिन्हींत क्रम कसा लागतो, तेही सांगते. आपल्याकडे तरुण किंवा मध्यम वयाच्या, एरवी धडधाकट माणसाला पहिल्यांदाच फिट येते आणि स्कॅनमध्ये एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, पातळ आणि गुळगुळीत काठाचे कडे दिसते, तेव्हा पट्टकृमीच्या अळीचा विचार सर्वांत आधी केला जातो. क्षयाची गाठ बहुधा याहून मोठी, ओबडधोबड काठाची असते आणि आसपासच्या मेंदूला बाजूला ढकलते. शिवाय ताप, वजन घटणे, जुना खोकला किंवा घरात कोणाला क्षय असणे असा काही धागा सापडतो. तो धागा आपल्या घरी असेल तर लपवू नये. कर्करोगाच्या गाठीचे कडे बरेचदा जाड आणि खडबडीत असते. पण हे सर्व ‘बहुधा’ आणि ‘बरेचदा’ आहे, आणि त्या शब्दांच्या पलीकडे जाण्यासाठीच एमआरआय सांगितलेला आहे.

सीटी झाला असताना पुन्हा एमआरआय कशाला, हा प्रश्न पैशाच्या ओढाताणीत कोणालाही पडेल. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखी दिसली तरी ती वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. सीटी हे क्ष-किरणांचे यंत्र आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन झाला, आणि त्या बाईंनाही मेंदूत गाठ असल्याचाच संशय होता. सीटी काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर, चुन्यासारखा साठा हे सर्व त्यात चटकन दिसते. म्हणून बेशुद्ध माणूस दाखल झाला की आधी तोच करतात आणि तो बरोबर निर्णय असतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण अजिबात नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनचे संकेत टिपून हे चित्र तयार होते, त्यामुळे मेंदूच्या मऊ भागातील सूक्ष्म फरक त्यात कितीतरी स्पष्ट दिसतात. एकाच बैठकीत निरनिराळ्या पद्धतींनी चित्रे घेतली जातात. एका पद्धतीत गाठीभोवतीची सूज पांढरी उठून दिसते. दुसरीत पाण्याचे कण किती मोकळेपणाने हलतात ते कळते. दाट पू असला तर तो भाग झळाळतो, आणि गळू व गाठ यांतला फरक कळायला त्याची मोठी मदत होते. गरज वाटल्यास स्पेक्ट्रोस्कोपी नावाची तपासणी त्याच वेळी करता येते. तीत त्या जागेतील रसायनांचे प्रमाण आलेखावर उमटते: क्षयाच्या गाठीत स्निग्ध पदार्थांचे टोक उंच दिसते, तर वाढत्या ट्युमरमध्ये कोलीनचे.

यांत मला सर्वांत बोलके वाटणारे चिन्ह फार साधे आहे. कड्याच्या आत, अगदी मध्यभागी नव्हे तर एका कडेला, एक बारीक ठिपका दिसतो. तो अळीच्या डोक्याचा असतो. तो नीट दिसला तर निदान जवळजवळ हाती आले असे समजतात. सीटीत तो अनेकदा हुकतो. एमआरआयच्या पातळ कापांत सापडण्याची शक्यता वाढते. आपल्या यजमानांच्या एमआरआयकडून पहिली अपेक्षा हीच आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाला मी मान देऊन उत्तर देते, कारण तो अनेक शाकाहारी घरांत विचारला जातो आणि लाजेपोटी तिथेच सोडून दिला जातो. डुकराचे अर्धवट शिजलेले मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो, हे खरे. मेंदूतला आजार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या शौचातून ही अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून, दूषित पाण्यातून, तशा पाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीतून कोणाच्याही तोंडात जाऊ शकतात. मांसाला कधीही न शिवलेला माळकरीही त्यातून सुटत नाही, आणि त्यात त्याच्या आचाराला कोणताही बट्टा लागत नाही. कोबीत किडा असतो आणि तोच डोक्यात जातो, हाही समज सोडून द्यावा. कोबी काय, कोथिंबीर काय, काकडी काय, कच्चे खायचे ते स्वच्छ वाहत्या पाण्यात चोळून धुवावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आजाराची खात्री झाली तर घरातील सर्वांची शौच तपासणी करण्यास डॉक्टर सांगू शकतील. तेव्हा संकोच करू नये. आणखी एक गोष्ट. अळी जिवंत असते तेव्हा ती शरीराला फारशी जाणवू देत नाही. ती मरू लागली की शरीर तिला ओळखते, सूज येते, कडे उमटते आणि फिट येते. त्यामुळे असे एकच लहान कडे दिसणे हे पुष्कळदा आजार मावळतीला लागल्याचे लक्षण असते.

तरीही कोणाच्या सांगण्यावरून जंताच्या गोळ्या आणून देऊ नयेत, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्या औषधाने मेंदूतील सूज एकदम वाढू शकते, म्हणून ते सूज उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीने आणि देखरेखीखालीच देतात. शिवाय त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घेतात, कारण अळी डोळ्यातही असू शकते आणि तिथे सूज आली तर दृष्टीवर बेतते. त्याच तपासणीत डोक्यातला दाब वाढला आहे का, हेही कळते.

किरणांच्या भीतीबद्दल. स्कॅनमुळे कोणताही आजार पसरत नाही. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट एवढी किरणमात्रा मिळते. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षभरात सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा नैसर्गिकरीत्या मिळतच असते, यावरून अंदाज यावा. मनाला वाटेल तेव्हा सीटी करत सुटणे योग्य नाही, पण गरजेच्या सीटीला घाबरण्याचेही कारण नाही. आणि आता करायच्या एमआरआयमध्ये तर ही किरणे नाहीतच. इंजेक्शनचे औषधही वेगळे आहे. सीटीच्या वेळी दिले ते आयोडीनयुक्त होते, एमआरआयसाठी गॅडोलिनियम या धातूचे संयुग वापरतात. त्याची गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, परंतु मूत्रपिंडे फार कमजोर असतील तर ते जपून वापरावे लागते, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. सीटीच्या इंजेक्शननंतर अंगावर पुरळ, खाज किंवा धाप असे काही झाले असेल तर ते सांगावे.

तपासणीच्या दिवसाकडे वळते, कारण खरी धांदल तिथेच होते. उपाशी राहण्याविषयी केंद्रात जे सांगतील ते पाळावे; मात्र फिटची सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत वेळेवर घेता येईल ना, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. ‘उपाशी या’ म्हटले म्हणून गोळी चुकवलेले आणि मशीनच्या दारातच फिट आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. एमआरआयचा चुंबक बंद-चालू होत नाही. खोलीत कोणी नसले तरी तो चोवीस तास ओढत असतो. १.५ टेस्ला क्षमतेच्या नेहमीच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पटींनी अधिक असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत शिरला, यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. म्हणून सूचना सोबतच्या माणसांसाठीही तितक्याच सक्तीच्या असतात. यजमानांच्या खिशातील सुटे पैसे, किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, करगोट्यातील ताईत आणि पट्टा हे सर्व बाहेर ठेवावे. आपण सोबत आत थांबणार असाल तर मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन काढावी आणि जरीची साडी नेसून जाऊ नये.

आणि हे विशेष करून विचारते: मागाची दुरुस्ती करताना, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगजवळ काम करताना यजमानांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? गेला असेल तर तंत्रज्ञांना ते सांगितल्याशिवाय त्यांना आत जाऊ देऊ नये, कारण डोळ्यात अडकलेला बारीकसा कणही चुंबकाने हलू शकतो. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा सळई बसवलेली असेल तर तिचे कागद सोबत न्यावेत.

तुळशीच्या माळेविषयी: मणी लाकडाचे आहेत आणि ते सुती दोऱ्यात ओवलेले असतील तर चुंबक त्यांना ओढत नाही. पण पुष्कळ माळा तारेत ओवलेल्या असतात, आणि तारेमुळे चित्र बिघडू शकते. माळ कशात ओवली आहे ते घरीच पाहून घ्यावे, तार असल्यास दोऱ्यात ओवून घ्यावी आणि केंद्रात पोहोचताच तंत्रज्ञांना दाखवावी. शेवटचा शब्द त्यांचा राहील, आणि त्यांनी काढायला सांगितली तर सासूबाईंनी ती तेवढा वेळ आपल्या हातात धरून बाहेर बसावे.

आत साधारण अर्धा ते पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते. यंत्राचा आवाज फार मोठा असतो, तरी मागांच्या खडखडाटात उभा जन्म घालवलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. कानात घालायला बोळे देतात. कोंडल्यासारखे वाटले तर दाबण्यासाठी हातात एक रबरी फुगा दिलेला असतो. आत शिरण्यापूर्वीच डोळे मिटून घेतले की बहुतेकांना सोपे जाते.

खर्चाचे म्हणाल तर खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करावी. एक, आपले सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्र. या योजनेत तपासण्यांचा खर्च ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजचा भाग म्हणून धरला जातो. बाहेर सुटा स्कॅन करून पावती आणली की नंतर पैसे मिळतील, असे गृहीत धरू नये. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधीच विचारावे.

दिरांची तळमळ मी समजू शकते, पण आज मुंबईला धावण्याइतकी घाई दिसत नाही. यजमान शुद्धीवर आहेत, चालतेबोलते आहेत, गोळ्यांनी फिट थांबल्या आहेत. आधी इथे एमआरआय होऊ द्यावा. त्याची चित्रे सीडीवर मिळतात. दुसरे मत हवे असेल तर ती सीडी मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवता येते. मात्र डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या होऊ लागल्या, हातापायातील शक्ती कमी झाली, बोलणे अडखळू लागले, झोप अनावर होऊ लागली किंवा फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. फिट आली तर त्यांना कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये; घड्याळ पाहावे आणि जमल्यास कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे.

एमआरआयनंतरही नाव पक्के झाले नाही, तर डॉक्टर बहुधा आणखी एक तपासणी सुचवतील, आणि ती लोकांना तपासणी वाटतच नाही. ती म्हणजे काळ. फिटच्या गोळ्या चालू ठेवून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. अळीचे कडे या काळात पुष्कळदा लहान होते, पूर्ण विरघळते किंवा चुन्याचा एक ठिपका मागे ठेवते. जे कडे वाढते, ते निराळे असते आणि त्याचा निराळा विचार करावा लागतो. मी नव्याने काम करू लागले होते त्या काळात एका कॉलेजवयीन मुलाचे असेच कडे पाहून घरच्यांना ‘गाठ’ हा एकच शब्द कोणीतरी ऐकवला. वडिलांनी ऑपरेशनसाठी दोन माग विकले. चार महिन्यांनी मुलगा माझ्याकडे दुसऱ्या स्कॅनला आला, मी दोन्ही फिल्म प्रकाशपेटीवर शेजारी शेजारी लावल्या, आणि जिथे कडे होते तिथे काहीच नव्हते. वडील बराच वेळ त्या काचेकडे पाहत उभे होते. याच्या उलटही मी पाहिले आहे: बरे वाटते म्हणून एका बाईंनी दुसरा स्कॅन टाळला आणि दीड वर्षाने त्या आल्या तेव्हा ती गाठ वाढलेली होती. दोन्ही आठवणींमुळे मी पुढच्या स्कॅनची तारीख रिपोर्टच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून देते.

आणि ट्युमर निघालाच, तर? तरीही ‘ब्रेन ट्युमर’ आणि ‘कर्करोग’ हे शब्द एक नव्हेत. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा बहुतांशी सौम्य असतो आणि काहींमध्ये केवळ लक्ष ठेवणे पुरते. कोणत्याही गाठीचे अंतिम नाव मात्र स्कॅन ठरवत नाही. तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ते ठरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आता अनेक गाठींत पेशीतील जनुकीय बदलही तपासावे लागतात. तिथेही एमआरआयचे काम संपत नाही. हात, वाचा, दृष्टी यांच्या वाटा गाठीच्या किती जवळून जातात, हे शल्यविशारद त्याच चित्रांवरून पाहून मार्ग आखतात. पण ती पुढची गोष्ट आहे, आणि आपल्या यजमानांच्या बाबतीत ती येईलच असे आजच्या कागदांवरून दिसत नाही.

भैय्या चौकाकडून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकाजवळ मला हे सर्व हमखास आठवते. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला चीनला गेला आणि डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारंवार येणाऱ्या फिट्सनी गेला. त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकवायचे तर पाठीच्या कण्यातून हवा सोडून क्ष-किरण फोटो काढत किंवा मानेच्या धमनीत औषध टोचत. दोन्ही वेदनादायक, दोन्ही धोक्याचे. युद्धभूमीवर तेही कुठले असणार? त्यांच्या फिट्सचे मूळ कशात होते, हे पाहण्याचे साधन त्यांच्यासाठी नव्हते. आपल्या यजमानांसाठी ते आहे, म्हणून त्याला घाबरून ते लांबणीवर टाकू नये.

आपल्या मुलीबद्दल थोडक्यात. अधूनमधून डोके दुखते एवढ्यावरून स्कॅनची गरज नसते. आधी बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासावे आणि तिची नजर तपासून घ्यावी. झोपेतून जागे करणारी किंवा पहाटे उलटीसह होणारी डोकेदुखी, आठवड्यागणिक वाढत जाणारे दुखणे, चालताना तोल जाणे, डोळा तिरळा होणे, अक्षर किंवा अभ्यास अचानक बिघडणे यांपैकी काही असेल तर मात्र लगेच दाखवावे. वडिलांची फिट तिने पाहिली असेल तर तिच्याशी त्याविषयी बोलावे. मुले भीती पोटात ठेवतात आणि सांगताना डोके दुखते म्हणतात.

राहिल्या गोळ्या. फिट आली नाही म्हणून त्या बंद करू नयेत; फिट येत नाही ती गोळ्या चालू असल्यामुळेच. एमआरआय अगदी स्वच्छ आला तरी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एकही गोळी कमी करू नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत यजमानांनी मागावर उभे राहू नये, मोटारसायकल चालवू नये, विहिरीत पोहू नये आणि शिडीवर चढू नये. मालकांना दाखवण्यासाठी तसे लेखी पत्र मागून घ्यावे.

सीटीची फिल्म आणि सीडी रुग्णालयातून आजच ताब्यात घ्यावी आणि एमआरआयला जाताना सोबत न्यावी, म्हणजे दोन्ही चित्रे एकाच डोळ्यांनी तपासली जातील. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. घराला पत्रे असतील तर हे पाकीट माळ्यावर टाकू नये, कारण आताच्या फिल्म उष्णतेने काळवंडू शकतात आणि आपल्याकडचा उन्हाळा आपण जाणतोच. कपाटात, घडी न घालता, कपड्यांखाली सपाट ठेवावे. आणि त्याच पाकिटात एका कागदावर आपल्या हाताने लिहून ठेवावे: तारीख, वेळ, कपबशी वाजली, उजव्या हाताची बोटे आधी, मग हात, मग शुद्ध गेली, किती मिनिटांनी परत आली.